व्हर्च्युअल मशीनमध्ये डीएससी टोकन कसं चालवायचं

डीएससीचं, म्हणजे डिजिटल सहीच्या सर्टिफिकेटचं, टोकन पेन ड्राइव्हसारखं दिसतं, म्हणून सीएंच्या ऑफिसात त्याला सर्रास पेन ड्राइव्हच म्हणतात. आत मात्र एटीएम कार्डावर असते तशी चिप आणि ती वाचणारा कार्ड रीडर, अशी दोघांची जोडी त्या बोटभर डबीत बसवलेली असते. सहीची खाजगी किल्ली चिपमध्ये असते आणि तिथून बाहेर येत नाही. कॉम्प्युटर कागदाचा आकड्यांतला ठसा आत पाठवतो, चिप त्यावर सही करून परत देते. ईपास २००३, प्रॉक्सकी, एमटोकन ही आपल्याकडची नेहमीची नावं. १ जानेवारी २०२१ पासून क्लास २ ची सर्टिफिकेटं देणं बंद झालं, त्यामुळे आता जीएसटी असो की ई-टेंडर, क्लास ३ चं टोकन घ्यावं लागतं.

माझ्या लॅपटॉपवर उबुंटू, म्हणजे लिनक्स आहे. मेव्हण्याच्या छोट्याशा ठेकेदारीची टेंडरं मी भरतो आणि सही करायची साधनं विंडोजवर जास्त सुखानं चालतात, म्हणून व्हर्च्युअलबॉक्स या सॉफ्टवेअरमध्ये एक विंडोज ठेवलंय: कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर, म्हणजेच व्हर्च्युअल मशीन, थोडक्यात व्हीएम. एखाद्या पोर्टलला ठरावीक जुनी जावा लागली, तर तीही त्या पेटीतच राहते. रोजच्या मशीनला तिचा वारा लागत नाही.

पुढचं सगळं करताना एकच प्रश्न विचारत राहा: या क्षणी टोकन कोणाच्या ताब्यात आहे? होस्टच्या, म्हणजे तुमच्या खऱ्या मशीनच्या, की गेस्टच्या, म्हणजे आतल्या विंडोजच्या? ‘टोकन नॉट फाउंड’ दिसलं की लोक ड्रायव्हर काढून परत टाकत बसतात. मीही बसलोय. टेंडरच्या शेवटच्या तासात तीनदा ड्रायव्हर टाकला आणि टोकन होतं उबुंटूच्या मुठीत.

व्हीएम बंद असताना

व्हीएमच्या सेटिंग्जमध्ये ‘यूएसबी’ उघडा आणि कंट्रोलर चालू करा. यूएसबी २.० निवडा, गेस्ट विंडोज १० किंवा ११ असेल तर ३.० सुद्धा चालेल. विंडोज ७ मध्ये यूएसबी ३ चा ड्रायव्हर मुळात नसतो, तिथे २.० च. २०२२ मध्ये आलेल्या व्हर्च्युअलबॉक्स ७.० पासून हे दोन्ही कंट्रोलर मूळ पॅकेजातच मिळतात. त्याआधीची आवृत्ती असेल तर एक्स्टेन्शन पॅक वेगळा टाकावा लागतो.

होस्ट लिनक्स असेल तर तुमचं खातं ‘व्हीबॉक्सयूजर्स’ या गटात घाला. हे नाव इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहायचं. मग लॉगआउट करून परत लॉगिन करा. नुसती खिडकी बंद करून उघडली तर काही बदलत नाही, आणि यूएसबीची यादी रिकामीच दिसते. या एका लॉगआउटपायी लोकांनी अख्ख्या दुपारी घालवल्या आहेत.

आता टोकन लावा, त्याच यूएसबीच्या पानावर अधिकचं चिन्ह दाबून यादीतून टोकन निवडा. याला फिल्टर म्हणतात: व्हीएम चालू असताना हे टोकन लागलं की थेट गेस्टला द्यायचं, असा तो हुकूम. फिल्टर उघडून त्यातला सिरियल नंबरचा रकाना रिकामा केलात, तर त्याच बनावटीचं दुसरं टोकनही आपोआप आत जाईल. वर्षा-दोन वर्षांनी टोकन बदललं तरी सेटिंग करायला नको. मात्र सगळेच रकाने रिकामे सोडू नका. तसा कोरा फिल्टर जे लावाल ते गिळतो, माउससुद्धा.

होस्टची पकड सोडवणं

खरी गंमत इथे आहे. लिनक्सवर ‘पीसीएससीडी’ नावाची एक सेवा कार्ड रीडरांवर डोळा ठेवून असते. टोकन लागलं की ती झडप घालते, आणि व्हर्च्युअलबॉक्स ‘डिव्हाइस इज बिझी’ असं काहीतरी म्हणतो. ती सेवा थांबवा, पण तेवढं पुरत नाही. तिच्यासोबत त्याच नावाचं एक ‘सॉकेट’ युनिट असतं. कोणी कार्डाची चौकशी केली की ते सेवेला परत जागं करतं. दोन्ही एकदम थांबवायची. चौकशी करणारेही घरचेच असतात: कार्डाचं मॉड्यूल जोडलेला फायरफॉक्स, किंवा जीपीजी या एन्क्रिप्शनच्या साधनाचा कार्डवाला सहायक. सहीचं काम असेल तेव्हा होस्टवरचा ब्राउझर बंद ठेवणं सोपं पडतं.

होस्ट विंडोज असेल तर इतकं करावं लागत नाही. आधी व्हीएम पूर्ण चालू होऊ द्या, मग टोकन लावा. आधीच लावलेलं असेल तर उपसून परत लावा, म्हणजे फिल्टर त्याला दारातच अडवतो. काही टोकनं स्वतःसोबत एक लुटुपुटूची सीडी ड्राइव्ह दाखवतात, ज्यात इन्स्टॉलर असतो. ती होस्टवर उघडी असेल तर आधी इजेक्ट करा.

फिल्टरनं काम झालं नाही तर व्हीएमच्या खिडकीत ‘डिव्हाइसेस’ मेनूतून ‘यूएसबी’, आणि तिथे टोकनच्या नावापुढे खूण. खूण पडली म्हणजे टोकन होस्टवरून नाहीसं झालं.

व्हर्च्युअलबॉक्सऐवजी लिनक्सवरचा व्हर्ट-मॅनेजर वापरत असाल तर ‘ॲड हार्डवेअर’मधून ‘यूएसबी होस्ट डिव्हाइस’ निवडा. पीसीएससीडीची कटकट तिथेही तीच. व्हीएमवेअर वर्कस्टेशन थोडं शहाणं आहे. त्यात कार्ड रीडर ‘शेअर्ड’ म्हणून जोडता येतो आणि होस्टला तो सोडावा लागत नाही. ॲपलच्या स्वतःच्या चिपवाल्या मॅकवर मात्र घाई नको. तिथलं विंडोज एआरएम या वेगळ्या जातीच्या प्रोसेसरचं असतं आणि टोकनला स्वतःचा ड्रायव्हर लागत असेल तर तोही एआरएमसाठीच बनवलेला हवा. टोकन विकणाऱ्याला आधी विचारा.

गेस्टच्या आत

टोकनचं सॉफ्टवेअर गेस्टमध्येच टाकायचं. होस्टवर त्याची गरज नाही, उलट ते तिथे असेल तर टोकनवर हक्क सांगत बसेल. टाकून झाल्यावर कंट्रोल पॅनलमधल्या ‘इंटरनेट ऑप्शन्स’मध्ये जा, ‘कंटेंट’ आणि मग ‘सर्टिफिकेट्स’. ‘पर्सनल’ या पानावर तुमचं नाव दिसलं की अर्धी लढाई जिंकली. सर्टिफिकेट उघडून मुदत पाहा, आणि सर्टिफिकेटांच्या साखळीच्या टोकाला ‘सीसीए इंडिया’, म्हणजे सरकारी नियंत्रकाचं मूळ सर्टिफिकेट, आहे का तेही पाहा. ते मूळ सर्टिफिकेट विंडोजला ओळखीचं नसेल तर सही होते, पण तपासणीत लाल फुली येते.

जुन्या टोकनांची सर्टिफिकेटं या यादीत रेंगाळतात. सही करताना तेच नाव दोनदा दिसलं तर मुदतीवरून ओळखा.

आता सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट. जीएसटीचं एमसाइनर किंवा आयकराचं एमब्रिज ही सहीची साधनं १२७.०.०.१ या पत्त्यावर, म्हणजे ज्या मशीनवर ती चालतात तिथल्याच ब्राउझरशी बोलतात. साधन गेस्टमध्ये आणि पोर्टल होस्टच्या क्रोममध्ये उघडलंत, तर दोघं आयुष्यभर एकमेकांना हाका मारत बसतील. पोर्टल, साधन आणि टोकन, तिन्ही गेस्टमध्येच.

पिन टाकण्याआधी एकदा गेस्टच्या नोटपॅडमध्ये टाइप करून बघा आणि पुसून टाका. होस्टचा आणि गेस्टचा कीबोर्ड लेआउट वेगळा असला की ॲट किंवा हॅशसारखी चिन्हं बदलतात, आणि पिनच्या खिडकीत तर नुसते ठिपके दिसतात. ठरावीक वेळा चुकलात की चिप स्वतःला कुलूप लावते. मग टोकनच्या सॉफ्टवेअरमधलं ‘इनिशियलाइज’ बटण मोहात पाडेल. त्याला हात लावू नका. त्यानं आतली किल्लीच पुसली जाते आणि नवं सर्टिफिकेट घ्यावं लागतं.

दुरून जोडताय?

ऑफिसच्या मशीनला टोकन लावून ठेवायचं आणि घरून रिमोट डेस्कटॉपनं आत जाऊन सही करायची, हा बेत विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपवर फसतो. त्या सत्रात पलीकडच्या मशीनला लावलेले कार्ड रीडर दिसतच नाहीत. दिसतात ते तुमच्या हाताखालच्या मशीनचे. म्हणून टोकन घरच्या लॅपटॉपला लावा, जोडण्याच्या खिडकीत ‘शो ऑप्शन्स’, ‘लोकल रिसोर्सेस’, ‘मोअर’ इथे जाऊन ‘स्मार्ट कार्ड्स’वर खूण करा. टोकनचं सॉफ्टवेअर पलीकडच्या मशीनवर हवं.

विंडोजसोबत येणाऱ्या हायपर-व्ही या व्हीएम चालवणाऱ्या सोयीचंही हेच. त्यात असं टोकन यूएसबीमार्गे सरळ आत सोडायची सोय नाही, पण ‘एन्हान्स्ड सेशन’ हा आतून रिमोट डेस्कटॉपच असतो, त्यामुळे तीच स्मार्ट कार्डची खूण तिथे चालते. साध्या सत्रात शोधत बसलात तर काहीच सापडणार नाही.

याच निमित्तानं एक बोलून घेतो. खोक्यात वीस ग्राहकांची टोकनं आणि प्रत्येकावर पिनची चिठ्ठी, हे दृश्य आपल्याकडे नवं नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ४२ किल्ली स्वतःच्या ताब्यात ठेवायची जबाबदारी सर्टिफिकेटधारकावर टाकतं. टोकन घरी ठेवून सही दुरून करता येत असताना ते खोक्यात का टाकायचं?

काम झालं की आधी सहीचं साधन बंद करा, मग ‘डिव्हाइसेस’मधली खूण काढा, मग टोकन उपसा. टोकन जोडलेलं असताना व्हीएमची स्थिती सेव्ह करू नका. परत उघडल्यावर गेस्टला वाटतं टोकन लावलेलंच आहे, आणि ते तर तुमच्या खिशात असतं. अशी झोपवलेली व्हीएम उठवलीत तर सही करण्याआधी कोपऱ्यातलं घड्याळही बघा. ते कालच्या वेळेवर अडकलेलं असलं, तर सहीवरही कालचीच तारीख पडू शकते.