दिवाळीला उभी केलेली गाडी होळीला का चालत नाही : या चुका टाळा

दिवाळी आटोपली आणि सोयाबीन विकून झाले की आमच्या भागातील बरीच वडीलधारी मंडळी पुण्या-मुंबईला मुलांकडे जातात आणि थेट होळीच्या तोंडावर गावी परततात. तोवर त्यांची गाडी गोठ्यात, छपरीत किंवा अंगणातील कडुनिंबाखाली उभी असते. परतल्यावर किल्ली फिरवली की नुसती टकटक ऐकू येते आणि मग माझ्याकडे निरोप येतो. आयटीआयमधील मोटार मेकॅनिकच्या निदेशकाची नोकरी संपवून मी यवतमाळ जिल्ह्यातील माझ्या गावी राहायला आलो, तेव्हापासून एकही मार्च महिना त्याच त्या चुका पाहिल्याशिवाय गेलेला नाही.

मोबाईलवर याविषयी जे व्हिडिओ फिरतात ते बहुतेक बर्फाळ देशांतील असतात आणि त्यांत सगळा भर इंजिनातील पाणी गोठू नये यावर असतो. डिसेंबर २०१८ मध्ये नागपूरचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, पण तोही शून्याच्या वरच होता. तेव्हा पाणी गोठून इंजिन फुटण्याची चिंता आपल्याला नाही. मात्र तेवढ्यावरून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, काढून त्या जागी बोअरचे जड पाणी ओतणारे महाभागही मी पाहिले आहेत. कूलंट आतला गंज आणि क्षाराचा थरही रोखते, हे त्यांना रेडिएटर गळू लागल्यावर कळते. बाकी आपल्याकडे उभ्या गाडीला सर्वाधिक नडतात ते बॅटरी आणि उंदीर, म्हणून त्यांच्याविषयी सविस्तर लिहितो.

ज्या चुकीचा मला सर्वाधिक कंटाळा आला आहे ती म्हणजे पुतण्याकडे किंवा शेजाऱ्याकडे किल्ली देऊन "आठवड्यातून एकदा पाच मिनिटे चालू करत जा" असे सांगून निघून जाणे. गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म आणि संगणक मिळून थोडी वीज खातच असतात. ती ४० मिलिॲम्पिअर धरली तरी दिवसाला जवळपास एक ॲम्पिअर-तास, म्हणजे आठवड्याला सहा-सात ॲम्पिअर-तास वीज जाते. लहान गाडीची बॅटरी असते ३५ ॲम्पिअर-तासांची. जागेवर पाच मिनिटे इंजिन फिरवून एवढी तूट भरून निघणे शक्य नाही. दुसरे असे की, एक लिटर पेट्रोल जळले की जवळपास तेवढेच पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. इंजिन पुरते तापले तर ही वाफ बाहेर निघून जाते; पाच मिनिटांत बंद केले तर ती सायलेन्सरमध्ये आणि इंजिन ऑइलमध्ये मुरते.

आमच्या गावातील एका निवृत्त गुरुजींनी असेच पुतण्याला सांगून ठेवले होते. मुलगा आज्ञाधारक, दर रविवारी सकाळी गाडी सुरू करायचा, वर ॲक्सिलरेटर दाबून दोन-चारदा गुरगुरवायचा आणि बंद करायचा. संक्रांतीच्या सुमारास बॅटरी बसली. तेव्हा त्याने कोणाला न विचारता ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून वायर आणल्या आणि घाईत लाल चिमटा काळ्याच्या जागी लावला. ठिणगी उडाली, मुख्य फ्यूज गेला आणि त्यासोबत बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरही. मी पोहोचलो तेव्हा सायलेन्सरच्या तोंडाखाली गोठ्याच्या शेणामातीच्या जमिनीवर ताटाएवढा काळा ओला डाग पडलेला होता आणि सायलेन्सरला बोट लावले तर गंजाचा पापुद्रा हातात येत होता. "सर, दर इतवारी चालू करत होतो न मी!" हे तो तीनदा म्हणाला. चूक त्याची निम्मीच होती. मात्र वायर जोडण्याआधी एक फोन करण्याइतकाही धीर नसावा, हे मला आजही पटत नाही.

माझी पद्धत साधी आहे. गाडी उभी करण्यापूर्वी ती वीस-पंचवीस किलोमीटर नीट चालवून आणायची, म्हणजे इंजिन पूर्ण तापते. मग १० नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडवायची. पॉझिटिव्ह आधी सोडवताना पाना बॉडीला टेकला तर शॉर्ट होतो. वायरच्या टोकाला सुती चिंधी गुंडाळून ती बाजूला सारायची. पूर्ण भरलेली बॅटरी मीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, आकडा १२.४ च्या खाली आला की मी चार्जर लावतो, आणि परगावी जायचे असल्यास बॅटरीच काढून माहितगार माणसाच्या घरी ठेवतो. बॅटरी सोडवण्यापूर्वी किल्ली खिशात आहे याची खात्री करावी, कारण काही गाड्यांची डिकी वीज नसताना उघडतच नाही.

हँडब्रेक ओढून ठेवू नये, कारण दवाने ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटतात. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकांना लाकडी ठोकळे लावावेत. टायरमध्ये नेहमीपेक्षा चार-पाच पॉइंट हवा जास्त भरावी आणि कोणी विश्वासू असेल तर त्याला महिन्यातून दोनदा ठोकळे काढून, गाडी न्यूट्रलला घेऊन हातभर ढकलायला सांगावे, इंजिनाला हात न लावता. ऑइल बदलायचे झाले असेल तर ते आधीच बदलावे, परतल्यावर नव्हे. सध्याच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते ओलावा ओढते, म्हणून टाकी काठोकाठ नसली तरी भरलेली ठेवावी. प्लॅस्टिकची ताडपत्री गाडीवर आवळून बांधण्याचा मोह टाळावा. तिच्याखाली दवाचे पाणी कोंडते आणि वाऱ्याने तिची कड घासून रंग जातो. मी जुन्या सुती चादरी शिवून घेतल्या आहेत. आंब्याखाली तर गाडी मुळीच ठेवू नये, कारण मोहरावर तुडतुडे आले की चिकट थेंब पडत राहतात.

आता उंदरांविषयी, आणि यात दोषी मीच आहे. ऑक्टोबरात सोयाबीन सोंगून झाले की वावरातले उंदीर गावाकडे वळतात, हे लहानपणापासून माहीत असूनही मुलीच्या बाळंतपणाला जाताना मी गाडी कोठीशेजारी उभी केली. त्या वर्षी भाव वाढेल या आशेने कोठीत कापूस भरून ठेवला होता आणि छपरीच्या दुसऱ्या टोकाला कुटाराचा, म्हणजे भुशाचा, ढीग होता. अडीच महिन्यांनी परतलो. निदान तेवढे शहाणपण होते म्हणून किल्ली फिरवण्याआधी बॉनेट उघडले. एअर फिल्टरच्या डब्याचे झाकण काढले तर आत कापसाचे गुबगुबीत घरटे, त्यात सरकीचे टरफल आणि मधोमध करंगळीच्या पेराएवढी सहा गुलाबी पिल्ले. इंजेक्टरकडे जाणाऱ्या वायरींचे आवरण कुरतडून तांबे उघडे पडले होते. कापसाचे आणखी बोळे थेट एक्झॉस्टवर होते. इंजिन तापले असते तर त्यांनी पेटच घेतला असता. वायरिंग दुरुस्त करायला तालुक्याच्या मिस्त्रीला दोन दिवस लागले.

तेव्हापासून मी गाडीच्या चारही बाजूंना पंधरा-वीस फुटांत कापूस, कुटार किंवा धान्याचे पोते ठेवू देत नाही. हवा ओढणाऱ्या नळीच्या तोंडाला बारीक तारेची जाळी बांधतो आणि तशी चिठ्ठी स्टिअरिंगला अडकवतो. गाडी बंद छपरीत असेल तर बॉनेट उघडेच ठेवतो, कारण उंदराला अंधारी, बंदिस्त जागा हवी असते. सीटखाली सांडलेले फुटाणे आणि चिवडाही झाडून काढतो. डांबर गोळ्यांचा वास पंधरा दिवसांत उडून जातो, त्यामुळे त्यांच्यावर माझा विश्वास नाही. विष तर कधीच ठेवू नये. उंदीर ते खाऊन ब्लोअरमध्ये मरतो आणि उन्हाळाभर एसी लावला की त्याची आठवण येते. भाकरीचा तुकडा लावलेला पिंजरा बरा.

गाडी उभी आहे म्हणून विमा संपू देणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की, मुदत संपल्यापासून ९० दिवसांत नूतनीकरण न केल्यास नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो.

परतल्यावर घाई करू नये. आधी बॉनेटखाली टॉर्च मारून पाहावे, जाळी काढावी, ऑइल आणि कूलंटची पातळी पाहावी, हवा पुन्हा नेहमीएवढी करावी आणि मगच निगेटिव्ह वायर जोडावी. माझी गाडी मी प्रथम पांदण रस्त्यानेच सावकाश नेतो. पहिल्या चार-सहा ब्रेकला डिस्कवरचा गंज खरवडल्याचा आवाज येतो; तो थांबला की गाडी डांबरी रस्त्यावर घेतो.