पोर्चची फरशी: मिस्त्री जायच्या आत बादलीभर पाणी ओता

आमच्या सहकारनगरच्या घराचा पोर्च दहा बाय सहा फूट, तोंड पश्चिमेला. बाबांनी घातलेली शहाबादी उखडून मी हौसेने चकचकीत टाइल बसवली. पहिल्याच जुलैत दूधवाले काका पिशव्यांसकट आडवे झाले आणि पावसाचं पाणी उंबऱ्याखालून हॉलमधल्या सतरंजीपर्यंत आलं. मिस्त्री फोनवर म्हणतो, "साहेब, काम एकदम लेव्हलला आहे!" अहो, तेच तर दुखणं. पुण्यात पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो. सपाट फरशीवरचं पाणी तो घरात लोटणारच.

दुसऱ्यांदा मे महिन्यात काम काढलं. आतल्या फरशीपेक्षा पोर्च दोन इंच खाली घेतला. मग दाराच्या बाजूला एक आणि बाहेरच्या कडेला एक अशा दोऱ्या बांधल्या, बाहेरची इंचभर खाली. सहा फुटांना एक इंच उतार पुरतो. खुर्ची डगमगत नाही.

फरशी पुन्हा शहाबादीच, पण पॉलिश न केलेली. हा चुनखडीचा दगड, त्यामुळे टॉयलेट क्लीनर किंवा लिंबू लावलंत की पांढरे डाग पडलेच. साबणाचं पाणी आणि खराटा, बस्स. सांधे सिमेंटने भरल्यावर आठवडाभर ओली पोती टाका. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी पोती कोरडी दिसली, तेव्हा आईने काठी आपटून आम्हाला नळाकडे पिटाळलं.

स्लॅबची कड मात्र बहुतेक जण विसरतात. पागोळ्या सरळ खाली पडतात असं वाटतं. प्रत्यक्षात पाणी स्लॅबच्या पोटाला चिकटून आत सरकतं आणि भिंतीला ओल धरते. खालचं प्लास्टर ओलं असतानाच कडेपासून दीड इंच आत अर्ध्या इंचाची लाकडी पट्टी दाबून ठेवायची, घट्ट होऊ लागलं की अलगद काढायची. त्या खाचेशी पाणी तुटतं आणि तिथूनच टपकतं.

बसायला कट्टा हवाच. उंची सतरा इंच ठेवली. आईचे गुडघे हे माप.

आणि शेवटचा हप्ता देण्याआधी बादली ओता. आमच्या डाव्या कोपऱ्यात ताटाएवढं डबकं साचलं. मिस्त्रीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग डबक्याकडे, आणि मुकाट्याने पहार मागवली.