रविवारच्या सफाईनंतर सोमवारी गोण्या कुठे असतात? किनाऱ्यावरच्या गावगटांनी या चुका टाळाव्यात

आमच्या पहिल्या किनारा सफाईला साठेक माणसं आली होती. शाळेतली पोरं, बचत गटाच्या बायका, मुंबईहून आलेले चार-पाच जण. दोन तासांत पुळणीवरचा, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवरचा, कचरा गोण्यांत भरला, गोण्या सुरूच्या झाडांखाली रचल्या आणि चहा पिऊन सगळे घरी गेले. गोण्या कोण उचलणार, हे कुणीच ठरवलं नव्हतं. पंचायत नेईल असं आम्हाला वाटलं, आणि पंचायतीला वाटलं की आम्हीच नेऊ. दोन दिवसांत कुत्र्यांनी निम्म्या गोण्या फाडल्या. मग अमावास्येचं उधाण आलं आणि उरलेलं सगळं समुद्रात गेलं. वेचलेला कचरा आमच्याच हातून परत पाण्यात गेला, याचं वाईट मला आजही वाटतं.

त्यानंतर दापोली-गुहागर पट्ट्यातल्या बऱ्याच गावांत जाऊन आलो. चुका सगळीकडे जवळपास त्याच आहेत, आणि त्यातल्या बहुतेक कार्यक्रमाच्या दिवशी नव्हे, त्याच्या आधी किंवा नंतर होतात.

गोणीची वाट आधी ठरवा, मग तारीख

सफाई जाहीर करण्याआधी दोन माणसांना प्रत्यक्ष भेटा: ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि तालुक्याच्या गावचा भंगारवाला. अधिकाऱ्याकडून पंचायतीची गाडी किंवा ट्रॅक्टर कोणत्या दिवशी, किती वाजता येणार हे लेखी घ्या. भंगारवाल्याला विचारा की तो काय घेतो आणि कुठल्या अवस्थेत घेतो. हा दुसरा प्रश्न फार कमी गट विचारतात, आणि मग तक्रार येते, “आम्ही एवढं प्लास्टिक जमवलं, पण भंगारवाला घेत नाही.”

तो घेत नाही याची कारणं साधी आहेत. किनाऱ्यावरचा माल ओला असतो, त्यात वाळू असते, मीठ असतं आणि सगळं एकत्र कोंबलेलं असतं. ओल्या गोणीच्या वजनात निम्मी वाळूच भरते, तिचे पैसे तो का देईल? म्हणून वेचल्यावर लगेच गोणी शिवू नका. पुळणीच्या वर, भरतीचं पाणी पोचणार नाही अशा जागी ताडपत्री अंथरून माल झटका, उन्हात दोन-तीन तास पसरा आणि तिथेच वेगळा करा. पाण्याच्या बाटल्या आणि जाड प्लास्टिक एकीकडे, काच एकीकडे, पत्रा आणि डबे एकीकडे, जाळी-दोर एकीकडे. वेफर-बिस्किटांची चकचकीत वेष्टनं, गुटख्याच्या पुड्या, थर्माकोल आणि फाटक्या चपला यांना कुणी पैसे देणार नाही. तो ढीग पंचायतीच्या गाडीत जाईल हे आधीच ठरवून ठेवा, म्हणजे दिवस संपताना कुणाचा हिरमोड होत नाही.

आणि हा न विकला जाणारा ढीग जाळू नका. किनाऱ्यावर संध्याकाळी काडी लावली की प्रश्न संपला असं वाटतं, पण त्या ढिगात पीव्हीसी प्लास्टिक असेल तर त्याच्या धुरात डायॉक्सिनसारखी विषं असतात, आणि धूर जातो शेजारच्या वाडीत. वाळूत पुरणंही तितकंच वाईट. पावसाळ्यात लाटा पुळण हातभर कापतात आणि पुरलेलं सगळं आषाढात वर येतं.

तारीख कॅलेंडरवरून नव्हे, तिथीवरून

शहरातून आलेले गट रविवार सकाळी आठ ही वेळ धरून चालतात. समुद्राला रविवार ठाऊक नाही. आमच्याकडच्या जुन्या माणसांचा हिशेब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणा, येईल ती भरतीची ढोबळ वेळ. एकादशीला अकरा गुणिले पाऊण म्हणजे सव्वाआठ. तुम्ही सकाळी आठला झाडू घेऊन उतरलात तर पाणी तुमच्या पायाशी असणार, आणि जमलेली माणसं कोरड्या वाळूच्या अरुंद पट्टीवर एकमेकांना धडकत राहणार. तृतीयेला भरती दुपारी सव्वादोनच्या आसपास, म्हणजे ओहोटी सकाळी आठच्या सुमारास. चतुर्थीला ओहोटी नऊच्या आत-बाहेर.

तृतीया ते पंचमी हे दिवस मला आणखी एका कारणाने आवडतात. पौर्णिमा-अमावास्येचं उधाण कचरा पुळणीच्या अगदी वरच्या रेषेवर आणून टाकतं. पुढच्या आठवड्यात भांगाची, म्हणजे कमी चढणारी, भरती येते, ती तिथवर पोचत नाही. म्हणजे उधाण ओसरल्या ओसरल्या गेलात तर सगळा ऐवज एका ओळीत, कोरडा पडलेला मिळतो. अष्टमीला गेलात तर तोच कचरा वाऱ्याने केवड्यात आणि मर्यादवेलीत शिरलेला असतो. प्रत्येक बंदरावर वेळ थोडी मागेपुढे होते, म्हणून भरतीचं वेळापत्रकही पाहून घ्या, पण तिथीवरून बैठकीतच अंदाज बांधता येतो.

आंतरराष्ट्रीय किनारा सफाई दिन सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी असतो. त्या दिवशी फोटो काढून पाठवण्यासाठी बरीच धावपळ होते. कोकणात तेव्हा एक तर गणपतीची गडबड असते, नाहीतर समुद्र अजून खवळलेला असतो आणि आज साफ केलेला किनारा परवा पुन्हा भरतो. त्या दिवशी शाळेत कार्यक्रम जरूर घ्या. पुळणीवरची मोठी सफाई मात्र दसऱ्यानंतर ठेवा.

वेल उपटू नका, पुळणीवर यंत्र घालू नका

उत्साहाच्या भरात सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. एका गावात पोरांनी पुळणीच्या वरच्या अंगाची मर्यादवेल ‘गवत’ समजून उपटून काढली, किनारा अगदी झाडलेल्या अंगणासारखा केला. जांभळ्या फुलांची ही वेल आणि रावणाच्या मिशा हे गवत वाळू धरून ठेवतात. ती गेली की वारा वाळू उचलून थेट माडांच्या बागेत टाकतो, आणि पावसाळ्यात लाट आत शिरते. सुकलेलं समुद्री शेवाळ, शंख-शिंपले, वाहून आलेला ओंडका हा कचरा नव्हे. खेकडे आणि पाणपक्षी त्यावर जगतात. वेचणाऱ्याला निघण्याआधी एवढं एकच सांगा: माणसाने बनवलेलं असेल तेच उचला.

नोव्हेंबर ते मार्च हा ऑलिव्ह रिडले कासवांचा अंडी घालण्याचा काळ. मादी रात्री पुळणीवर येते, भरतीरेषेच्या वर फूट-दीड फूट खोल खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि परत जाते. पिल्लं बाहेर यायला साधारण पन्नास दिवस लागतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली मंडणगड तालुक्यातल्या वेळासला हे काम गावकऱ्यांना सोबत घेऊन सुरू केलं. आज अनेक गावांत कासवमित्र पहाटे पुळण चालून घरटी शोधतात. मादीच्या पावलांचा वाळूवरचा माग हाच त्यांचा मुख्य पुरावा. तुमची माणसं पहाटे त्यांच्या आधी पुळण तुडवून गेली, किंवा ट्रॅक्टरला फाळ लावून कुणी ‘सफाई’ केली, तर तो माग पुसला जातो. मग घरटं कोल्ह्या-कुत्र्यांना सापडतं, नाहीतर चाकाखाली दबतं.

म्हणून या महिन्यांत कासवमित्रांची फेरी झाल्याशिवाय उतरू नका. जेसीबी, ट्रॅक्टर, लोखंडी दाताळं पूर्ण वर्ज्य. रात्रीची सफाई, शेकोटी, मोठे दिवे हेही नकोत. पिल्लं जिकडे उजेड तिकडे चालतात, आणि तुमचा हॅलोजन त्यांना समुद्राऐवजी रस्त्याकडे नेतो. पिल्लू हातात घेऊन फोटो काढणं हा तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हाच आहे, कासव पहिल्या अनुसूचीत येतं. जाळ्यात अडकलेलं किंवा जखमी कासव दिसलं तर पाण्यात ढकलू नका, वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

पाच जूनचं झाड

पाच जूनला पर्यावरण दिन म्हणून गट झाडं लावतात, पण तेव्हा आपल्याकडे मृगसुद्धा लागलेला नसतो. पहिली सर येते, मग आठवडाभर कडक ऊन पडतं आणि त्या आठवड्यात रोपं करपतात. खड्डे मे महिन्यात मारा, त्यात पालापाचोळा आणि शेण घाला. रोप लावा ते पाऊस लागून दोन आठवडे झाल्यावर. त्यापुढे दोन संकटं येतात. भातकापणीनंतर गुरं मोकळी सुटतात, आणि फेब्रुवारीनंतर वणवे लागतात. रोपाला काट्यांची वई (कुंपण) नसेल आणि भोवतीचं गवत पौषातच काढलेलं नसेल, तर दोनशे झाडं लावूनही पुढच्या मृगाला दहा दिसणार नाहीत. वीसच लावा, पण प्रत्येकाला एक घर जोडून द्या.

कुठलं झाड, यावर माझं मत ठाम आहे. किनाऱ्याला सुरू आणि डोंगराला अकेशिया हे पुरे झालं. दोन्ही मूळची आपली नव्हेत. किनाऱ्याला उंडी, करंज, पारोसा भेंडी, केवडा लावा.

आणि सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावर, खड्डे मारू नका. कातळसडा ओसाड दिसतो म्हणून दरवर्षी कुणीतरी तिथे माती टाकून झाडं लावायला निघतं. श्रावण-भाद्रपदात त्याच सड्यावर फुलांचे गालिचे असतात, डबक्यांत बेडूक असतात, गुरांची चराई असते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या सड्यांवर कातळशिल्पंही आहेत, त्यातली काही २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. एखादं शिल्प मातीखाली असेल, तर तुमची पहार आधी त्याच्यावर बसेल.

बंधाऱ्याच्या गोण्या मोजून ठेवा

दिवाळीनंतर वहाळावर (ओढ्यावर) कच्चे बंधारे घालणं हे उत्तम काम. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडूनही चैतात विहिरी तळाला जातात, त्यावरचा हा जवळचा उपाय. चूक होते ती सिमेंटच्या रिकाम्या प्लास्टिक गोण्यांची. उन्हाने त्या विरतात आणि पहिल्या पुरात त्यांचे धागे-धागे खाडीत जातात. शक्य तिथे दगड, माती आणि पालापाचोळ्याचाच बांध घाला. गोण्या वापरल्याच तर आकडा लिहून ठेवा आणि मेअखेर तितक्याच काढा.

कोळीवाड्याला विचारल्याशिवाय

सफाईत सापडलेली नायलॉनची जाळी पाहून मंचावर कुणीतरी मच्छीमारांना दोष देतं, आणि त्या दिवसापासून कोळीवाडा तुमच्या कार्यक्रमाला यायचा बंद होतो. आमच्याकडे हे झालं. पुढच्या बैठकीचं आमंत्रण घेऊन गेलो तेव्हा एक मावशी म्हणाल्या, “तुमची सुट्टी रविवारी, आमची नाय. सकाळचा लिलाव कोण बघेल? आणि फाटलेलं जाळं ठेवायला जागा कुठं दिलीत?” त्यांचं बरोबर होतं. जाळं महाग असतं, कुणी हौसेने समुद्रात टाकत नाही. बंदरावर टाकाऊ जाळी ठेवायला कोपराच नसेल तर ती वाऱ्याने जाणारच. आता आम्ही त्यांच्या सोयीने दिवस ठरवतो: हर्णैसारख्या बंदरावर लिलावाच्या वेळा सोडून, मोहल्ल्यात शुक्रवारच्या नमाजाची वेळ सोडून, आणि बंदरावरचं मोठं काम असेल तर पावसाळी मासेमारी बंदीत, होड्या वर ओढलेल्या असताना. धड असलेली जुनी जाळी माकडांपासून परसबाग राखायला लोक आनंदाने नेतात. लावताना जाळीची खालची कड जमिनीपासून वीतभर वर बांधा, नाहीतर त्यात साप अडकून मरतात.

वाड्यांचंही तसंच आहे. एकाच वाडीच्या मंडळाच्या नावाने कार्यक्रम झाला की बाकीच्या वाड्या पाहुण्यासारख्या उभ्या राहतात. किनाऱ्याचे तुकडे वाडीवार वाटून द्या, वहाळापासून मोठ्या खडकापर्यंत एकाचा, तिथून पुढे दुसऱ्याचा. ग्रामसभेत ठराव घ्या आणि पुढच्या ग्रामसभेत रुपया-रुपयाचा हिशेब वाचा. हातमोजे आणि पिण्याच्या पाण्याचा पिंप यांवर खर्च करा. फ्लेक्स, टी-शर्ट आणि प्लास्टिकच्या बाटल्या यांवर नको.

वहीत काय लिहायचं

बहुतेक गट एकच आकडा लिहितात: किती किलो कचरा. त्यातून पुढे काय करायचं ते कळत नाही. कचरा कुठून आला ते लिहा. ज्या बाटलीवर किंवा चपलेवर चुन्यासारखी खरखरीत कवचं चिकटलेली असतात, ती बरेच दिवस समुद्रात तरंगून आलेली. ज्या वेष्टनावरचे रंग ताजे आणि ज्याला चिखल लागलेला, ते आपल्याच वहाळातून आलेलं. खाडीचं मुख जवळ असेल तर तिसरा रकाना करा, कारण खेडला जगबुडी नदीत आणि चिपळूणला वाशिष्ठी नदीत पडलेलं शेवटी दाभोळलाच समुद्रात बाहेर पडतं.

आम्ही दोन वर्षं असं लिहिलं. आमच्या पुळणीवरचा निम्म्याहून जास्त माल वहाळाच्या मुखापासून दोनशे पावलांतच सापडत होता, आणि त्यात आमच्याच वरच्या वाडीच्या दुकानातली वेष्टनं होती. तेव्हापासून मोठी सफाई आम्ही मे महिन्यात करतो आणि ती पुळणीवर नसते. चाकरमानी गावी आलेले असतात, वहाळ कोरडा असतो. वरच्या वाडीतल्या साकवापासून (ओढ्यावरच्या छोट्या पुलापासून) सुरुवात करून दगडादगडांतून वेचत खाली यायचं. यंदा साकवाजवळ पंचायतीने एक कचऱ्याची टाकी बसवून दिली आहे. ती दर बुधवारी रिकामी करायची पाळी वाडीने वाटून घेतली आहे आणि पहिली पाळी दुकानदारांच्या घराकडे आहे.