ऑक्टोबरच्या उन्हाआधी: गॅलरीतल्या रोपांची तयारी

बी पेरायच्या आधी कॅलेंडर काढा. ट्रे, माती, बियाणं हे सगळं नंतर. पावसाळ्याच्या शेवटी टोमॅटो, वांगी, मिरचीची रोपं करायची असतील, तर रोपांना ऊन दाखवायचे, म्हणजे हळूहळू उन्हाची सवय लावायचे, आठ-दहा दिवस कॅलेंडरवर सगळ्यात आधी लाल पेनाने मांडा आणि तिथून उलटं मोजत पेरणीची तारीख ठरवा. गेल्या ऑक्टोबरात आमच्याकडचा अख्खा ट्रे या एकाच कारणाने गेला. खत-पाणी व्यवस्थित होतं, रोपं दिसायला सुरेख होती. सावलीत वाढलेली ती रोपं थेट गच्चीवर गेली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पानांवर शिरांच्या मधोमध पांढुरके डाग पडले. बोट लावलं की पान कुरकुरत तुटायचं.

हिशोब सोपा आहे. टोमॅटोचं रोप पेरल्यापासून २५ ते ३० दिवसांत कुंडीत लावण्याजोगं होतं, वांग्याला ३० ते ३५ दिवस लागतात, मिरचीला ४०च्या आसपास. उन्हाची सवय लावायचे दिवस यातलेच शेवटचे. म्हणून मिरची आधी पेरा, आठवड्याने वांगी, मग टोमॅटो. गणपतीत पेरलेली मिरची दसऱ्याच्या सुमारास तयार होते, म्हणजे तिला ऊन दाखवायचं काम बरोबर नवरात्रात येतं. तेव्हा गावाला जाणार असाल तर पेरणीच पुढे ढकला. ट्रे आत-बाहेर करायला शेजारच्या काकूंना सांगून जमत नाही. पाणी घालायला सांगता येतं, हे नाही.

बियाणं पुण्यात मार्केट यार्डाच्या भागात घ्या, नाहीतर जवळच्या नर्सरीत. पाकिटावर तपासणीची तारीख आणि उगवणशक्तीचा आकडा छापलेला असतो, तो वाचा. टोमॅटो-वांग्याला किमान ७० टक्के आणि मिरचीला ६० टक्के लागते. मुदत संपलेलं पाकीट कोणी अर्ध्या किमतीत दिलं तरी घेऊ नका. वांग्यात मांजरी गोटा मिळाला तर जरूर लावा. आपल्या हडपसरपलीकडच्या मांजरीचं वाण आहे, जांभळ्या अंगावर पांढरे पट्टे असलेलं गोल, मोठं वांगं. बी गुलाबी किंवा निळं दिसलं तर त्यावर बुरशीनाशक चोळलेलं आहे असं समजा. हात धुवा, लहान मुलांना त्याला हात लावू देऊ नका.

ट्रे कुठलाही चालेल, तळाला भोकं हवीत. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, मात्र धुऊन घ्या. त्यात क्षार असतात. बादलीत भिजवून दोन-तीनदा पाणी बदला, घट्ट पिळा आणि दोन भाग कोकोपीटला एक भाग गांडूळखत मिसळा. कुंडीतली जुनी माती ट्रेमध्ये भरू नका.

बी जेवढं जाड, त्याच्या दुप्पट-तिप्पट खोल, त्याहून खाली नाही. एका कप्प्यात एक किंवा दोन. मूठभर बी भुरभुरवून टाकायचा मोह होतो, आणि मग पावसाळी दमट हवेत दाट उगवलेली रोपं मर लागून जातात. मातीलगत खोड पाणचट आणि बारीक होतं, सकाळी उभं असलेलं रोप दुपारी आडवं झालेलं दिसतं. एकदा पडलं की ते वाचत नाही, शेजारची वाचवायची. मर आणणारी बुरशी ओल आणि कोंडट हवेवर जगते, म्हणून पाणी वरून शिंपडण्यापेक्षा ट्रे परातीत ठेवून खालून पाजा, वरचा थर थोडा सुकू द्या. मिश्रणात आधीच ट्रायकोडर्मा पावडर (मर रोखणारी उपयोगी बुरशी) घातलेली असली तर उत्तम.

उगवायला टोमॅटोला आठवडाभर पुरतो, मिरचीला कधी कधी दोन आठवडे लागतात. उकरून बघू नका. आधी वाकलेली मान वर येते, मग दोन लांबट, कडा साध्या असलेली दलं उघडतात. ती खरी पानं नव्हेत. टोमॅटोची खरी पानं कातरलेली असतात आणि नुसता हात फिरवला तरी बोटांना त्यांचा वास लागतो. तोवर नावाच्या पट्ट्या लावलेल्या असू द्या. कबुतरांसाठी जाळी हवीच, ती रोपं उपटून टाकतात.

आता उन्हाचं. इथे घाई करू नका.

पुण्याचा अक्षांश साडेअठरा. मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैअखेरीस भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचे दिवस म्हणतात ते हेच. या दोन्हींच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडे असतो, म्हणून दक्षिणेच्या गॅलरीत तेव्हा ऊन येत नाही. ऑगस्टपासून तो दक्षिणेकडे दिसू लागतो, २३ सप्टेंबरच्या सुमारास विषुववृत्त ओलांडतो आणि मग दर आठवड्याला ऊन गॅलरीत थोडं आणखी आत शिरतं. त्याच सुमाराला पाऊस ओसरतो, ढग हटतात, हवा कोरडी होते. म्हणजे ट्रे जागचा हलवला नाही तरी रोपांवरचं ऊन बदललेलं असतं. गॅलरी कुठल्या दिशेला आहे ते आजच बघून ठेवा. पूर्वेची असेल तर निम्मं काम झालं. पश्चिमेची असेल तर दुपारी तीनच्या उन्हाला कापड बांधायची सोय आधी करा.

सावलीत वाढलेल्या पानावरचा मेणाचा थर पातळ असतो, खोडही मऊ असतं. थोडं थोडं ऊन आणि वारा लागला की पान जाड होतं, खोड काटक होतं. याला दुसरा उपाय नाही. खत घालून, जास्त पाणी घालून हे होत नाही. पहिल्या दिवशी सकाळी नऊच्या आत अर्धा तास. दुसऱ्या दिवशी तासभर. मग रोज साधारण एक तास वाढवा. सातव्या-आठव्या दिवशी बारापर्यंतचं ऊन सोसायला हवं, त्यानंतर पूर्ण दिवस. ढगाळ दिवस मोजायचा नाही, तो दिवस पुढे ढकला. चार ढगाळ दिवस बाहेर राहिलेलं रोप पाचव्या दिवशीच्या कडक उन्हात भाजतंच. या काळात पाणी जरा हात राखून द्या, पण कोकोपीट अगदी कोरडं पडू देऊ नका, कारण कोरडं कोकोपीट पुन्हा भिजायला त्रास देतं. दुपारी पानं किंचित मलूल होऊन संध्याकाळी सावरत असतील तर चिंता नाही. सावरली नाहीत तर एक दिवस मागे या.

घरात सकाळी दहानंतर कोणी नसेल तर सुरुवात शनिवारी करा आणि सोमवारपासून ५० टक्क्यांची, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी हिरवी जाळी (शेडनेट) बांधा. नेट नसेल तर जुना पांढरा पंचा चालतो. पण काहीतरी बांधा. ‘एका दिवसाने काय होतंय’ असं म्हणू नका, एका दिवसानेच होतं.

आणि नर्सरीतून विकत आणलेल्या रोपांनाही हेच. ती शेडनेटखाली वाढलेली असतात. आणली आणि लावली असं करू नका, ऊन दाखवा.

लावणी संध्याकाळी. टोमॅटोचं खोड दलांपर्यंत मातीत गाडा, त्याला तिथून मुळं फुटतात. वांगी-मिरची ट्रेमध्ये होती तेवढ्याच खोलीवर. कुंडी बारा इंचाहून लहान नको. काठी त्याच दिवशी रोवा, नंतर मुळं तुटतात. पंधरा दिवसांनी मूठभर गांडूळखत. पांढऱ्या माशीसाठी पिवळा चिकट सापळा. बाकी रोजचं पाणी.

रोपं उरतातच. ती सोसायटीत कोणाला दिलीत तर किती दिवस ऊन दाखवून झालंय आणि किती दिवस राहिलेत, ते पट्टीवर लिहून द्या.