शिमगा झाला, आता कांडी कोळशाचं बघा

शिमगा आटपला, काजू पडायला लागलेत, आंब्याची काढणी तोंडावर आलीय, त्यात हे नवीन काम कुठे काढता असं म्हणाल, पण कांडी कोळसा, म्हणजे काडीकचऱ्याच्या कोळशाची भुकटी खळीत मळून पाडलेल्या कांड्या, करायचा तर हेच दोन महिने. कारण करायला वेळ लागत नाही, वाळायला लागतो, आणि आपल्याकडे कोकणात मे निम्मा सरला की मळभ, दमट हवा नि मधेच एखादी वळवाची सर. मिरगाच्या आधी माल वाळून माळ्यावर गेला पाहिजे.

कच्च्या मालात करवंटी एक नंबर. सोडणं (नारळाची सालं), चुडतांचे म्हणजे माडाच्या झावळ्यांचे जाड देठ, आंब्याच्या छाटलेल्या फांद्या, सुरूच्या काटक्या पण चालतात, फक्त कडकडीत वाळलेल्या हव्यात. भाताचं तूस एकटं घेऊ नका, त्यात वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढी राखच असते, शेगडी सारखी साफ करत बसाल. काजूची टरफलं तर घरच्या कोळशात अजिबात नकोत, त्यातल्या तेलाने हात भाजतात आणि धूर डोळ्यांना-घशाला झोंबतो. ती बॉयलरवाल्यांनाच द्या. आणि पातेरा (गळलेला सुका पाला) सगळा झाडून आणू नका हो! कलमांच्या आळ्यात आच्छादनाला तोच लागतो, जांभ्याच्या जमिनीत ओल धरून ठेवायला दुसरं आहे काय. वाटेवर नि गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेला साठलेला, जिथून वणवा आत येतो, तेवढाच उचला.

पत्र्याचा २०० लिटरचा जुना ड्रम घ्या, बुडाला पाच-सहा भोकं पाडा, तीन दगडांवर ठेवा, माल भरा आणि वरून पेटवा. हे सकाळी लवकरच करायचं, दुपारी खारा वारा सुटला की ठिणगी कुठे जाईल सांगता येत नाही. आजूबाजूचं गवत आधी काढा, पाण्याची बादली जवळ असू द्या. सुरुवातीचा दाट पांढरा धूर म्हणजे ओल निघतेय, धूर पातळ-निळसर झाला की झाकण लावायचं, कडा चिखलाने लिंपायच्या, बुडाशी ओली माती लोटून भोकं बंद करायची. दुसऱ्या दिवशीच उघडा, घाई केलीत तर हवा लागून कोळसा परत पेटतो आणि हाती राख येते. साधारण चार किलो मालाचा किलोभर कोळसा धरा. तो कुटून बारीक भुकटी करायची.

कारखान्यातला व्हाइट कोल न जाळलेल्या भुश्याचा असतो, मशीनच्या दाबाने नि उष्णतेने लाकडातलं लिग्निन मऊ होऊन तोच डिंकासारखा धरतो. आपल्या कोळशात ते जळून गेलेलं असतं म्हणून खळ लागतेच. दहा किलो भुकटीला अर्धा किलो कणीचं किंवा मैद्याचं पीठ, चार-पाच लिटर पाण्यात शिजवून. सगळी एकदम ओतू नका, मुठीत दाबल्यावर गोळा टिकेल इतपतच. मग पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात ठासून कांड्या पाडा, मधे भोक ठेवलंत तर वाळतात पण लवकर, पेटतात पण चांगल्या. पुण्याच्या आरती (ARTI) या ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या संस्थेने उसाच्या पाचटाचा असाच कोळसा केला होता, त्याला २००२ मध्ये स्वच्छ ऊर्जेच्या कामासाठी दिला जाणारा इंग्लंडचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. आपल्याकडे पाचट नाही पण करवंट्या ढिगाने आहेत.

पहिला दिवस सावलीत, नाहीतर तडे जातात. मग तीन-चार दिवस कडक ऊन, रात्री दवापासून झाकून. (वाळत घातलेल्या बोंबलांच्या शेजारी पसरू नका, घरातून ऐकून घ्यावं लागेल.) कंबरेच्या उंचीवरून टाकलेली कांडी फुटली नाही म्हणजे जमली. भरताना प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधा, खळीमुळे पावसाळ्यात बुरशी येते.

आता महत्त्वाचं. या कोळशाला धूर नाही म्हणजे धोका नाही असं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि पावसात दारं-खिडक्या लावून बाळंतिणीच्या खोलीत शेकाची शेगडी ठेवायची आपली पद्धत आहे. ती बंद खोलीत ठेवायचीच नाही, आजी कितीही रागावली तरी. निखारे घेऊन झोपायचं तर नावच नको. शेगडी पडवीत पेटवा, नाहीतर समोरासमोरची दारं उघडी ठेवा.

शेगडीतली राख माडाच्या आळ्यात टाका, आपल्या आंबट लाल मातीला ती मानवते, त्यात पोटॅश पण असतं. फक्त युरियाबरोबर एकत्र करून टाकू नका, अमोनिया होऊन नत्र उडून जातं, दोन्हींत आठ-पंधरा दिवसांचं अंतर ठेवा.