लहानपणी फाटली होती तो हॉरर पिक्चर आता परत कसा बघायचा

ज्या पिक्चरमुळे रात्री बाथरूमला जायची हिंमत होत नव्हती तोच आता लावला की लोक हसायला लागतात, आणि मग पिक्चरच्या नावाने बोटं मोडतात. अर्धा दोष टीव्हीचा असतो हो.

म्हणून आधी सेटिंगमध्ये जा आणि मोशन स्मूदिंग बंद करा, कंपनीप्रमाणे नाव वेगळं असतं पण काम एकच, फिल्म सेकंदाला 24 फ्रेमची असते आणि टीव्ही मधे स्वतःच्या पदरच्या फ्रेम घुसडतो, मग भूत पण डेली सोपमधली सासू वाटायला लागतं. व्हिव्हिड मोड काढून मूव्ही मोड लावा, नाहीतर मेकअपच्या रबराची कड सुद्धा दिसते. खोलीत अंधार, मोबाईल बाहेर.

मग तुम्ही नेमकं कुठलं व्हर्जन बघितलं होतं ते शोधा, इथे बरेच जण फसतात. ‘द एक्झॉर्सिस्ट’च घ्या, सैतानाने झपाटलेल्या मुलीचा पिक्चर, 1973 चा मूळ 122 मिनिटांचा, 2000 साली परत रिलीज झाला तेव्हा 132 चा झाला. ती मुलगी उलटी होऊन कोळ्यासारखी जिना उतरते तो सीन तुम्हाला आठवत असेल तर तुमचा नंतरचा. मी म्हणेन मूळचाच लावा, नव्यात सैतानाचा चेहरा जरा जास्तच वेळा दाखवलाय. आणि व्हीएचएसवर म्हणजे जुन्या व्हिडिओ कॅसेटवर बघितला असेल तर आणखी गंमत, चौकोनी टीव्हीसाठी बऱ्याच रुंद पिक्चरच्या दोन्ही कडा कापायचे, त्यामुळे कोपऱ्यात उभं असलेलं कोणीतरी तुम्हाला आत्ता पहिल्यांदा दिसेल.

बघताना फॉरवर्ड करू नका प्लीज. तेव्हा आपण गरगर फिरणाऱ्या मुंडक्याची वाट बघत बसायचो, पण आता त्या मुलीच्या हॉस्पिटलमधल्या तपासण्या बघा, मानेत सुई जाते तो अँजिओग्राफीचा सीन, आणि डॉक्टरमागून डॉक्टर गाठणारी तिची आई. भूत अजून नीट आलेलंही नसतं आणि पोटात गोळा येतो, वय वाढल्याचा हा एक फायदा म्हणायचा.

आवाजासाठी हेडफोन लावले तर उत्तम. त्या सैतानाचा आवाज मर्सिडीज मॅकेंब्रिज नावाच्या अभिनेत्रीचा आहे, त्यातली घरघर टीव्हीच्या बारक्या स्पीकरवर निम्मी मरते. तोंडातून निघणारी वाफ पण खरी आहे, बेडरूमचा सेट फ्रीजसारखा थंड केला होता. अर्थात असल्या गोष्टी पिक्चर संपल्यावर वाचा, आधी वाचल्या की भीती वाटायच्या ऐवजी आपण एसी कुठे असेल ते शोधत बसतो.

सोबत कोणी असेल तर ज्याने बघितलेला नाही असा एकच जण घ्या, आणि “आता बघ हं” असं अजिबात म्हणायचं नाही.