जुना पियानो उकलताना या चुका टाळा

बेळगावच्या कॅम्पातला एखादा जुना बंगला रिकामा होताना उभा पियानो निघाला, की घरचे सरळ भंगारवाल्याला फोन लावतात आणि तो घण घेऊनच येतो. चांगला माल तिथंच वाया जातो.

सगळ्यात महागात पडते ती तारा कटरनं तोडण्याची घाई. पियानोत सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात. एकेकीवर साधारण ७०-८० किलोचा ताण, सगळा मिळून १५ ते २० टन. तो पेलते आतली बिडाची फ्रेम. ताणलेली तार तोडली, की टोक चाबकासारखं उसळून डोळा जाऊ शकतो. शिवाय एका बाजूचा ताण एकदम गेला, तर फ्रेमला चीर पडायची भीती. म्हणून ट्यूनिंगच्या चावीनं आधी तार गुंडाळलेली प्रत्येक खुंटी अर्धा वेढा उलटी फिरवा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग दुसरी फेरी. तार लोंबायला लागली की खुशाल तोडा, पण गॉगल आणि हातमोजे घालूनच. चावी नाही म्हणून पक्कड लावाल, तर खुंटीचं चौकोनी डोकं गोल होऊन बसेल.

पहिल्या दोन-चार खुंट्यांतच पियानोची तब्येत कळते. खुंट्या हाताला घट्ट लागत असतील आणि फ्रेम अखंड असेल, तर कृपा करून तो मोडू नका. आधी दुरुस्ती करणाऱ्याला दाखवा.

पट्ट्या काढताना नंबर बघा, नसतील तर पेन्सिलीनं घाला. एकीच्या जागी दुसरी बसत नाही. पांढऱ्या पट्टीवर चिकटवलेलं पातळ पान दोन तुकड्यांचं असेल, मधे केसाएवढी सांध असेल आणि उजेडात बारीक रेषा दिसत असतील, तर ते बहुधा हस्तिदंत. ते विकायला काढू नका, वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली तो गुन्हा आहे. वन खात्याला विचारा. तापलेली सुई टोचून पारख तर मुळीच नको. पान सेल्युलॉइडचं निघालं तर भडकन पेटतं.

पट्टीच्या कडेला राखाडी गोल ठिपके दिसतात, ते शिसं. त्यावर पांढरी भुकटी असेल तर फुंकर नको, पॉलिश पेपर नको. हातमोजे घालून ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं टाकून द्या. अशा पट्ट्या पोरांच्या हाती देऊ नका.

मागचा साउंडबोर्ड, म्हणजे आवाज घुमवणारी फळी, बहुतेक स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाचा असतो. इतकं मुरलेलं लाकूड चुलीत घालणं जिवावर येतं. पटाशीनं उचकटलं, की फळी रेषेत फाटते. जुना सरस ओल्या फडक्याच्या वाफेनं सुटतो. फळी सावलीत, वजनाखाली वाळवा. पावसाळ्यात हे काम काढूच नका, आपल्याकडच्या ओल्या हवेत ती वाकणारच.

कसर न लागलेलं फेल्ट, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं जाड कापड, हार्मोनियमवाल्याला उपयोगी पडतं. जुन्या तारा मात्र दुसऱ्या वाद्याला चढवू नका, वेढ्यापाशी तुटतात. तांबं गुंडाळलेल्या खर्जाच्या तारा वेगळ्या विका.

फ्रेमसाठी चार माणसं बोलवा. तिचे सगळे बोल्ट आणि स्क्रू निघालेत का, ते बघूनच हात घाला. भेगाळलेली असली, तरी उद्यमबागच्या फौंड्रीत ती वितळवायला चालते.